सीएचबीवर सुखाने नांदण्याचे उपाय

सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास झालात? अभिनंदन. सोबत पीएचडीही? मग पेढे जरा जास्तच वाटा, कारण यापुढे पेढ्यांचा प्रसंग कधी येईल ते सांगता येत नाही. आता तुम्ही तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे, प्राध्यापक होणार: जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकेत तुमच्या नावाआधी 'प्रा.' लागणार. या आयुष्याचा मला पुष्कळ अनुभव आहे, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगते.

निमित्त ताजं आहे. गेल्या आठवड्यात आमच्या मानधनाचं बिल त्रुटी लागून परत आलं. विचारायला सहसंचालक कार्यालयात गेले, तर टेबलावरच्या साहेबांनी पेन्सिलीने गोल केलेला रकाना दाखवला. दोन तासांपुढे मी इमानदारीने 'थेट प्रक्षेपण' असं लिहिलं होतं. "मॅडम, यात अध्यापन कुठंय?" अध्यापन नव्हतंच. त्या दिवशी वरून पत्र आलं होतं: विद्यार्थ्यांना सभागृहात बसवा, उच्च शिक्षणातल्या सुधारणांवरचं भाषण दाखवा, फोटो काढा, लिंकवर टाका. माझे 'सार्वजनिक वित्त'चे तास त्यासाठी रद्द झाले. मुलांना गोळा करून मीच आणलं. प्रोजेक्टरची वायरही मीच धरून उभी होते, कारण हात सोडला की पडदा निळा व्हायचा. सुधारणा ऐकवल्याबद्दल माझे दोन तास कापले, ते एकवेळ ठीक. पण त्या दोन तासांपायी कॉलेजातल्या सगळ्या सीएचबीवाल्यांचं बिल अडकलं. आता नव्याने तक्ता, नव्याने प्राचार्यांची सही, नव्याने आवक क्रमांक. "साहेब, दिवाळीच्या आत होईल ना?" असं विचारलं तर साहेब नुसते हसले. माणूस वाईट नाही. त्यांच्याही टेबलाला तिघांचं काम आहे, दोन पदं रिक्त.

तर उपाय.

घरात दुसरं कुणीतरी कमावतं असू द्या. नवरा किंवा बायको जिल्हा परिषदेत असेल तर उत्तम. विहिरीला पाणी असेल तर अतिउत्तम.

आजारी पडू नका.

मूल होणार असेल तर ते मे महिन्यात होईल असं बघा. बाळंतपणाची रजा कायम नोकरीतल्या बायकांना असते. तुम्हाला 'तास झाला नाही' एवढंच असतं.

हिशेब करण्याची सवय मोडा. पदवीच्या तासाला ९०० रुपये आणि आठवड्याला ९ तास धरले तर महिन्याचे ३२,४०० होतात, असं कुणी कागदावर मांडून दाखवेल. त्याला चहा पाजा आणि घालवून द्या. त्या कागदावर गणपती नसतात, दिवाळी नसते, अंतर्गत परीक्षा, विद्यापीठाच्या परीक्षा, स्नेहसंमेलन, एनएसएसचं शिबिर, निवडणुकीसाठी ताब्यात घेतलेल्या वर्गखोल्या, यातलं काहीच नसतं. कॉलेजला सुट्टी लागली की स्टाफरूममध्ये निम्मे लोक खूश होतात आणि निम्मे मनात आकडेमोड करतात. शिवाय वर्ग जूनमध्ये भरतात आणि तुमचा आदेश सप्टेंबरात निघतो. मधल्या काळात शिकवायचं की नाही, हे तुमच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलेलं असतं. बिलावर नाही. वर्ष संपलं की तुम्हीही संपता. पुढच्या वर्षी तीच जाहिरात, तीच फाइल, त्याच झेरॉक्स आणि तीच मुलाखत. ती घेणारे सर विचारतात, "काय करता सध्या?" अहो, तुमच्याच विभागात शिकवते.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांना तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० असं कळवलं होतं, हे मोठ्या मनाने विसरून जा. शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० असतं, वर महागाई भत्ता वेगळा, हे तर ऐकूच नका. अभ्यासक्रम एकच, फळा एकच, परीक्षेचे गठ्ठेही तेच. पण त्याचा विचार करून रात्रीची झोप घालवण्यात काय हशील?

मला सरकारकडून हमखास आणि वेळेवर मिळणारी एकच गोष्ट आहे: एसटीचं अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून एकदाही चुकलेलं नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

अर्थशास्त्र शिकवत असाल तर थोडी जास्त काळजी घ्या. कारण पुस्तकात असं काही लिहिलेलं असतं, की मुलं प्रश्न विचारतात. उदाहरणार्थ, कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं की शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हायला हवा. १९६८ च्या धोरणात ते आलं, १९८६ च्या धोरणात आलं, २०२० च्या धोरणातही आलं, आणि तिथेही ते 'लवकरात लवकर' गाठायचं आहे. किंवा उपकर घ्या. २००७ पासून पगारदार माणसाच्या प्राप्तिकरावर माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी म्हणून १ टक्का वेगळा कापला जाऊ लागला. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने नंतर दाखवून दिलं की २००६-०७ ते २०१६-१७ या काळात या नावाने ८३ हजार कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली, पण ज्या निधीत ती ठेवायची तो निधीच उघडलेला नव्हता. निधी उघडायला २०१७ साल उजाडलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग ते पैसे गेले कुठं?" मी म्हटलं, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. पुढचं घे.

आता सगळ्यात महत्त्वाचा उपाय: नव्या शैक्षणिक धोरणाचं मनापासून स्वागत करा. स्वागत करतानाचा फोटो जिओ-टॅग असू द्या.

धोरण आमच्याकडे, म्हणजे संलग्न महाविद्यालयांत, २०२४-२५ पासून आलं. त्याआधी मुलगा बीएला यायचा, तीन विषय घ्यायचा आणि शिकायचा. आता तो मेजर घेतो, मायनर घेतो, ओपन इलेक्टिव्ह घेतो. शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी. प्रवेशाच्या दिवशी एका मुलाचे वडील, पायात चिखलाच्या चपला, फॉर्मवर बोट ठेवून मला विचारत होते, "ताई, यातलं भूगोल कुठलं?" भूगोल मिळाला नाही त्यांना. सरांची जागा २०१९ मध्ये निवृत्तीने रिकामी झाली, सीएचबीला कुणी आलं नाही, आणि विद्यार्थी कमी म्हणून विषय बंद झाला. धोरण मात्र सांगतं, विद्यार्थ्याला हवा तो विषय निवडता आला पाहिजे. भौतिकशास्त्राबरोबर संगीत घ्यावं म्हणे. अहो, घेईल ना! भौतिकशास्त्राला माणूस द्या, संगीताला एक पेटी द्या आणि ती वाजवणारा द्या. इतकी नवी नावं आली, प्रत्येकाचं क्रेडिट आलं, प्रत्येकाची अंतर्गत परीक्षा आली, प्रत्येकाचे गुण भरायचं वेगळं पान पोर्टलवर आलं. आलं नाही ते एकच. पद. एकही पद आलं नाही. उलट मुख्य विषयाचे तास कमी झाले, म्हणजे कार्यभार कमी झाला, म्हणजे आहे तेही पद अतिरिक्त ठरायची वेळ आली, आणि सीएचबीचे नऊ तास काही जणांचे सहावर आले. सुधारणा झाली आणि शिकवणारा एक माणूस घटला, असा चमत्कार मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग ही नवी क्रेडिट शिकवतं कोण? जो रिकामा दिसेल तो. भारतीय ज्ञान प्रणाली आमच्याकडे कॉमर्सचे सर शिकवतात. अभ्यासक्रमाची पीडीएफ सत्र निम्मं झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि पुस्तक बाजारात यायच्या आत परीक्षा होऊन जाते. माझ्या वाट्याला ओपन इलेक्टिव्ह आलं: 'वैयक्तिक आर्थिक नियोजन'. पहिल्याच घटकात आहे की प्रत्येकाने सहा महिन्यांच्या खर्चाइतका आणीबाणीचा निधी बाजूला ठेवावा. ते मी फळ्यावर लिहिलं तेव्हा माझं आधीच्या सत्राचं मानधन यायचं होतं. मागून एकाने विचारलं, "मॅडम, तुमची एसआयपी कितीची आहे?" वर्ग हसला, मीही हसले. दुसरं काय करणार!

आणि ऑन जॉब ट्रेनिंग! कागदावर केवढं छान. मुलांनी प्रत्यक्ष उद्योगात जाऊन काम शिकायचं. आमच्या तालुक्यात उद्योग म्हणजे एक बंद पडलेली सूतगिरणी, दोन पतसंस्था आणि स्टँडसमोरची दुकानं. पहिल्या दोन दिवसांत पतसंस्था भरल्या. मग मुलं प्रमाणपत्रं आणू लागली: मोबाइल दुरुस्ती, मेडिकल, आधार केंद्र. एकाने झेरॉक्सच्या दुकानाचं आणलं. मी म्हटलं, तू तिथे काय शिकलास? म्हणाला, "मॅडम, सगळ्यांची प्रमाणपत्रं तिथंच छापली." खोटं नाही सांगत, त्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

मधेच सोडता येतं, हीदेखील सोय आहे. एक वर्ष केलं की सर्टिफिकेट, दोन केली की डिप्लोमा. लग्न ठरलं म्हणून पहिल्या वर्षानंतर येईनाशी झालेली माझी विद्यार्थिनी आता गळती म्हणून मोजली जाणार नाही. तिने 'एक्झिट' घेतली. तिचे क्रेडिट बँकेत सुखरूप आहेत, फक्त आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं की झालं. आणि चौथं वर्ष, ऑनर्स, संशोधनासह! जिथे विभागात एक निवृत्तीला टेकलेले सर आणि एक मी आहोत, जिथे ग्रंथालयात शेवटचं जर्नल कधी आलं ते ग्रंथपालालाही आठवत नाही (तेही पद रिक्त, शिपाईमामा पुस्तकं देतात), तिथे मुलं संशोधन करणार आहेत. करू देत. त्यांना कशाला निराश करा?

नॅक, म्हणजे कॉलेज तपासून श्रेणी देणारी परिषद, येणार असेल तर तुम्ही भाग्यवान. पीअर टीम दारात असेपर्यंत तुम्ही कागदावर पूर्णवेळ असता. निकष सात असतात. सातव्यातल्या 'बेस्ट प्रॅक्टिसेस' नेहमी सीएचबीवाल्यांकडेच येतात, का ते माहीत नाही. मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांशासकट तारीख छापणारं कॅमेऱ्याचं अ‍ॅप घेऊन ठेवा. झाड लावताना फोटो, हात धुताना फोटो, योग करताना फोटो, बॅनर धरून फोटो. आमच्या पाच वर्षांच्या अहवालात एकच कडुनिंबाचं रोप चार वेगवेगळ्या पाहुण्यांनी लावलं आहे, आणि प्रत्येक वेळी अक्षांश तोच आला आहे. एवढं करून श्रेणी घसरलीच तर खचू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये ए++ श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह काही जणांना अटक केली, तेव्हा निकष सातच असतात असं समजणारे आपण किती भोळे होतो ते कळलं.

'भरती होणार' हे वाक्य पाठ करा. २०२१ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ पदांना मान्यता मिळाली तेव्हा मी नवीन फाइल आणली होती, प्लास्टिकच्या खिशांची. मान्यता मिळाली म्हणजे पद मिळालं असं नसतं. बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा तक्ता, तपासून यावी लागते, मागासवर्ग कक्षाची सही लागते, नाहरकत लागते, मग जाहिरात, मग कोर्टात कुणीतरी गेलेलं असतं, मग आचारसंहिता. हे सगळं पार पडलं की मुलाखत. आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री एक फोन येतो. फोनवर काय विचारतात ते मी लिहीत नाही, तुम्हाला आकड्यासकट माहीत आहे. पगार सरकार देणार, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून जाणार, आणि जागा विकणार संस्था. आमच्यातल्या एकाने वडिलांची जमीन विकली. त्याचं झालं. चांगला शिकवतो, पण आता तो आमच्याशी फारसं बोलत नाही.

जमीन नसेल तर कायम विनाअनुदानित कॉलेज बघा. २००१ नंतर नव्या कॉलेजांना सरकारने याच अटीवर परवानगी दिली. तिथे सहसंचालक कार्यालयाचा त्रास नाही. बिलच नाही, तर त्रुटी कुठून लागणार?

आणि अगदीच कंटाळा आला तर नवी मुंबईकडे बघा. जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना तिथे येण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. यॉर्क येणार, अ‍ॅबरडीन येणार. महाराष्ट्र जागतिक शिक्षणाचं केंद्र होणार. आमच्या मुलीही जातील की तिथे, एसटीच्या अर्ध्या तिकिटावर.

यूजीसीलाही आपली काळजी आहे. २०१८ च्या नियमावलीत म्हटलं होतं की कंत्राटी शिक्षक एकूण शिक्षकांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत आणि त्यांना कायम सहायक प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या पगाराइतकं वेतन द्यावं. इथे निम्म्याहून जास्त विभाग सीएचबीवर चालतात, म्हणजे नियम रोज मोडतो. त्यावर जानेवारी २०२५ च्या मसुद्यात तोडगा निघाला. १० टक्क्यांची मर्यादाच काढून टाकली. नियमच नाही तर मोडणार काय?

आता बास.

मला हसून लिहायचं होतं, शेवटपर्यंत हसून लिहायचं होतं, पण नाही जमत. कारण याच्यात हसण्यासारखं काही नाही. उद्या सकाळी मी वर्गात जाईन तेव्हा समोर साठ मुलं असतील. त्यातली निम्मी घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. त्यांना बाजारातल्या क्लासची फी परवडत नाही, खासगी विद्यापीठाचं गेटसुद्धा त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी हे अनुदानित कॉलेज एवढंच आहे. आणि याच कॉलेजात माणूस नेमायला सरकारकडे पैसे नाहीत. इमारतीला असतात. केंद्राच्या पीएम-उषा योजनेतून निवडक विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी मिळाले, त्यात भिंती होतील, प्रयोगशाळा होतील, स्मार्ट बोर्ड लागतील. लागू देत. बोर्डापुढे उभं कोण राहणार आहे?

वित्त विभागाच्या साहेबांनो, पद मंजूर करताना 'आर्थिक भार' असा शब्द तुम्ही लिहिता. शिक्षक हा भार? मग जाहिरातींचे पानभर रंगीत फोटो काय आहेत? पाच-पाच वर्षं भरती थांबवून ठेवायची, माणसं पंचेचाळिशीला न्यायची, आणि मग म्हणायचं की पात्र उमेदवार मिळत नाहीत. लाज वाटायला हवी.

संस्थाचालकांनो, तुमच्या आजोबांनी मूठ-मूठ ज्वारी मागून वसतिगृहं काढली. तुम्ही त्यांच्या फोटोखाली बसून माणसाची किंमत सांगता. त्या फोटोला हार घालणं तरी बंद करा.

कायम प्राध्यापक मित्रांनो, सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी तुम्ही २०१३ मध्ये परीक्षांवर बहिष्कार टाकला होतात, बरोबर केलंत. सीएचबीसाठी किती पेपर अडवलेत? आमचं बिल परत आलं की 'होईल, होईल' म्हणून पुढच्या तासाला मलाच पाठवता आणि स्वतः कॅस प्रमोशनची, म्हणजे आपल्या बढतीची, फाइल भरत बसता.

आणि तुम्ही, वाचणारे. 'कॉलेजात शिकवतंच कोण हल्ली?' म्हणता ना? मी शिकवते. माझ्यासारखे हजारो शिकवतात, कापलेल्या तासांवर आणि न आलेल्या मानधनावर. अकरावीच्या आधीच दोन-दोन लाखांचा क्लास लावता आणि ज्या कॉलेजचा पगार तुमच्या करातून जातो तिथे तीन वर्षांत एकदाही पाऊल टाकत नाही. आधी जा तिथे. तुमची मुलगी जो विषय घेऊन बसली आहे त्याची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि तिला शिकवणाऱ्या बाईंना शेवटचं मानधन कोणत्या महिन्यात मिळालं, हे प्राचार्यांना विचारा. सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तेवढाही लावायचा नसेल तर मग पुन्हा माझ्यासमोर कॉलेजच्या दर्जाबद्दल बोलू नका.